पन्हळीकडून सहावा

३ नोव्हेंबर, सोमवार

बारके,

अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच फाडशील, असं मावशी म्हणाली. पत्ता तिनेच दिला, पण असं तोंड करून दिला की जणू मी तिची कवळी मागितली. तीस वर्षांनी पत्र लिहायचं तर आधी तब्येत विचारायला हवी. कशी आहेस? मी ठीक. गुडघे सोडले तर ठीक. तुझी वहिनी ठीक.

पत्राला कारण तसं काही नाही. सभाभवनाचं मोठं काम निघालंय, म्हटलं तुला कळवावं. सगळी इमारत मुळात होती तशी करणार आहेत. खिडक्यांवरचे रंगाचे सात थर खरवडले तेव्हा खाली हिरवा निघाला. आपल्याला वाटायचं ती जन्मतःच तपकिरी. जिन्याचे पितळी कठडे घासले तर ते पितळेचे नाहीतच, लोखंडावर मुलामा. रोज काहीतरी निघतं आणि रोज माझा गोंधळ वाढतो. ज्या इमारतीत आयुष्य काढलं ती मला ओळख देत नाही.

मी अजून तिथेच. गच्ची, पन्हळी, टाक्या, नळ, सगळं माझ्याकडे. मार्चमध्ये निवृत्त होतोय. नव्या अधीक्षकांनी माझी जुनी दुरुस्तीवही चाळली आणि त्यांना आढळलं की माझ्या काळात छतातून एकदाही गळती झालेली नाही. म्हणून निरोपाच्या दिवशी मानपत्र देणार आहेत. मी 'कशाला, कशाला' म्हणालो. तो त्यांना विनय वाटला.

मोठ्या दालनातल्या भिंतीवरच्या चित्राचंही काम आहे. त्यासाठी एक बाई आल्यात. गळ्यात दोरीने भिंग अडकवलेलं असतं, म्हणून आम्ही त्यांना भिंगवाल्या बाई म्हणतो. त्या चित्राबद्दल मी तुला काय सांगणार! आई खाली फरशी पुसायची आणि आपण कोपऱ्यात बसून वरची दहा माणसं मोजायचो. दगडफोड्या, गवंडी, सुतार, लोहार, सगळी इमारत बांधणारी मंडळी एका रांगेत. पुढे मी कामाला लागलो आणि मोजण्यावरून आपली भांडणं सुरू झाली. आठवतं?

एक विचारायचं होतं. तू दाराकडूनच मोजायचीस ना? सहज विचारतोय.

तुझा भाऊ

६ नोव्हेंबर, गुरुवार

बारके,

सहज नव्हतं विचारलं.

पहिलं पत्र पोचलं की नाही, फाडलंस की वाचलंस, काही माहीत नाही. तरी लिहितो, कारण चौदा तारखेला शुक्रवार आहे आणि त्याआधी मला कोणाला तरी हे सांगायलाच हवं.

आधी एक गोष्ट. तू गेल्यावर महिन्याभराने मी तुला चार ओळींचं पत्र पाठवलं होतं, की तू रंगवलेला चेहरा हुकुमाप्रमाणे काढून टाकला, आता विषय संपला. ते खोटं होतं. चेहरा काढला नाही. आई अजून भिंतीवर आहे.

थांब, फाडू नकोस, पुढचं ऐक.

काढायचा हुकूम मला आणि तुझ्या रंगारीकाकांना होता. मी शिडी लावली, पटाशी घेतली, वर गेलो. चुना मळणाऱ्या बाईच्या अंगावर आपल्या आईचा चेहरा, आणि तो माझ्याकडे असा बघत होता की आता विचारेल, चपला बाहेर काढल्यास का? मी खाली आलो. मग काका वर गेले. तासभर नुसते बसून राहिले. उतरल्यावर म्हणाले, "पोरीने माझ्यापेक्षा बरं काढलंय. मी हात लावणार नाही. थोडा धूर बसवतो, जुनं दिसेल." काजळीच्या पाण्याचा हलका हात मारला, झालं. त्या वेळचे अधीक्षक खालून मान वर करून म्हणाले, "हां, आता मूळचं वाटतंय." त्या दिवशी चष्मा घरी विसरले होते, आणि त्याशिवाय त्यांना दहा पावलांवरचं घड्याळ दिसत नव्हतं.

मी दुरुस्तीवहीत लिहिलं: 'सहावा चेहरा पुन्हा रंगवून पूर्ववत केला.' सही केली. विषय संपला म्हटलं ते एवढ्यावर.

आता ती वही भिंगवाल्या बाईंच्या समितीला सापडली. वहीत लिहिलंय सहावा. त्यांनी मोजलं दाराकडून, माणसं मोजतात तसं. दाराकडून सहावा कोण? पाणक्या! चुना मळणारी बाई दाराकडून पाचवी. पण आम्ही गच्चीवरची माणसं पन्हळीच्या तोंडाकडून मोजतो. पाणी जिथून खाली उतरतं तिथे एक, मग पुढे. खांब असोत, खिडक्या असोत, आमच्या खात्यात शंभर वर्षं अशीच मोजणी. ती पन्हळ दाराच्या विरुद्ध टोकाला. तिकडून सहावी आपली आई.

म्हणजे ज्याला कोणी हात लावला नाही तो पाणक्या यांच्या लेखी नकली ठरला, आणि तू काढलेली आई अस्सल. बरं, पाणक्या दिसतोही नकली. मूळ चित्रकाराला हात-पाय फार सुंदर जमायचे, पण चेहरे जमत नव्हते, हे तूच सांगायचीस. बिचाऱ्याचा एक डोळा दाराकडे, एक खिडकीकडे. समितीने फोटो बघून ठरवलं की इतका वाईट चेहरा म्हणजे नंतरच्या कोणा अडाण्याचं काम. चौदा तारखेला तो उतरवून खाली काय आहे ते बघणार. खाली काहीही नाही, कोरी भिंत आहे.

आणि आईचा चेहरा माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर घेतलाय. आत लिहिलंय, 'मूळ चित्रकाराच्या प्रतिभेचा कळस.' मी ते वाचून आधी हसलो. मग जिन्यात जाऊन बसलो.

गप्प बसलो तर सव्वाशे वर्षांचा पाणक्या फुकट जातो. बोललो तर आईला खरवडतील, कारण त्यांचं काम ते, नंतरचं काढायचं आणि मूळचं ठेवायचं. इकडे आड, तिकडे विहीर. तू काय म्हणतेस? तू रंगवलंयस, तुला विचारल्याशिवाय मी काय करू?

आणि तुला विचारायचा मला काय अधिकार, हेही मला कळत नाही.

तुझा भाऊ

९ नोव्हेंबर, रविवार

बारके,

आज सुट्टी. चार कागद फाडले. हा पाचवा.

चौकशीचा दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. तरी माझ्या बाजूने ते कधी मी बोललोच नाही. तीस वर्षं मिठाची गुळणी धरून बसलोय, आता ती थुंकतो.

त्या शनिवारी पन्हळीच्या तोंडात कबुतराने घरटं केलं होतं. मला माहीत होतं. दुपारी वर जाऊन काढायचं होतं. पण त्याच दुपारी तुझ्या वहिनीला पहिल्यांदा भेटायचं ठरलं होतं, आणि अंगाला कबुतराची घाण लावून जायचं मला नको वाटलं. मी वहीत 'पन्हळ साफ' अशी खूण केली आणि अंघोळ करून गेलो. रात्रभर पाऊस लागला. रविवारी सकाळी दार उघडलं तर भिंतीवरून ओघळ आलेले आणि चुना मळणाऱ्या बाईचा चेहरा फरशीवर.

चार दिवसांवर समारंभ होता. मी तुझ्याकडे पळत आलो. 'बारके, वाचव' असं म्हणालो होतो, बरोबर ना? हे शब्द मला नीट आठवतात. तू रंगारीकाकांच्या हाताखाली दोन वर्षं शिकत होतीस. मी चुना कालवून गिलावा केला, तू ओल्यावर रंगवायला बसलीस. दोन दिवस मी खाली शिडी धरून उभा होतो. दुसऱ्या कोणी धरली तर तुझे पाय लटपटायचे. मूळचा चेहरा कसा होता ते आपल्या दोघांनाही नीट आठवेना, आणि आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तुझ्या हातून तीच उतरली. मी खालून बघितलं आणि 'बदल' म्हणालो नाही.

समारंभात अधीक्षकांनी वर बघितलं आणि म्हणाले, "ही तर आपली फरशीवाली!" पुढचं तुला माहीत आहे. मूळचा चेहरा तू मुद्दाम खरवडलास, स्वतःच्या आईला वर चढवायला, असा आरोप. तू म्हणालीस पाणी आलं होतं, चेहरा आधीच पडला होता. त्यांनी वही उघडली. पन्हळ साफ. मग माझ्याकडे वळले, "काय रे, गिलावा पडला होता का?"

तू माझ्याकडे बघत होतीस.

मी म्हणालो, "मला काही माहीत नाही, साहेब."

त्यानंतर तुला कुठल्याच सरकारी भिंतीला हात लावू दिला नाही. तू गाव सोडलंस.

तुला वाटलं असेल नोकरीच्या भीतीने बोललो. तसंच होतं, पण तेवढंच नव्हतं. आता लिहितोय ते वाचून वाटलं तर उरलेली पत्रं जाळ. चौकशीच्या आदल्या दिवशी तू मला विचारलंस, "पडलेले तुकडे कुठायत? ते दाखवले की झालं." मी म्हणालो, राडारोड्याबरोबर गेले. गेले नव्हते. रविवारी सकाळीच ते गोळा करून रुमालात बांधून बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते. टाकवले नाहीत. दाखवले असते तर तू सुटली असतीस आणि मी अडकलो असतो. चौकशी चालू होती तेव्हा तो डबा माझ्या कपाटात, दोन खोल्या पलीकडे होता.

अजून आहे. आत्ता लिहितोय त्या टेबलाखालीच आहे. मी तीस वर्षं का ठेवला विचारशील तर मला सांगता येणार नाही. टाकायला गेलो की वाटायचं, पुढेमागे दाखवू. दाखवायला गेलो की वाटायचं, आता काय उपयोग. झाकली मूठ म्हणतात ना, माझी ती मूठ इतकी वर्षं झाकून बोटं आखडली.

दादा लिहायची हिंमत होत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बारके,

तुझं काही नाही आलं. येणारही नाही कदाचित. पोस्टमनला मी रोज विचारतो, आता तो मला बघून रस्ता बदलतो.

काल तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. तिला अर्धं कधीच माहीत नव्हतं. भाजी निवडत होती, हात थांबला.

"म्हणजे तू मला भेटायला आलास तेव्हा वर पन्हळ तुंबलेली होती?"

"हो."

"आणि मी आपली इतकी वर्षं त्या पावसाचं कौतुक सांगत फिरतेय."

मी विचारलं, आता काय करू? म्हणाली, "तुला कळत नाहीये असं नाही. तुला कळलंय, ते तुला आवडत नाहीये." आणि भाजी घेऊन आत गेली.

पण बारके, मला खरंच कळत नाहीये. सकाळी वाटतं, बोलून टाकावं, तुझ्यावरचा डाग जाईल. दालनात गेलो की आई दिसते आणि वाटतं, गप्प राहावं. पाणक्याचं काय एवढं? तिरळाच तर आहे. मग त्याच्याकडे बघतो. तीस वर्षं मी त्याच्या डोक्यावरचं पाणी अडवलंय. त्याने माझं काही वाकडं केलेलं नाही. शिवाय आता एक नवीनच किडा डोक्यात शिरलाय. डबा दाखवला तर ते म्हणतील, मूळचे तुकडे मिळाले, तेच परत बसवू, आईला काढा. म्हणजे तुझ्या सुटकेची एकच वस्तू माझ्याकडे आहे आणि आईला उतरवायचीही तीच. कोणाची बाजू घेऊ? तुझी घेतली तर तुझंच चित्र जातं. तुला ते हवं असेल का? तू कधी आरशात बघून आईला शोधतेस का? मी शोधतो, माझ्यात ती नाही. तुझ्यात होती.

परवा सकाळी दहाला भिंगवाल्या बाई पाणक्यापाशी चढणार.

दादा

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बारके,

सांगितलं.

साडेनऊला मी परांचीखाली जाऊन उभा राहिलो. हातात डबा. बाई हातमोजे घालत होत्या. म्हटलं, "बाई, तुम्ही चुकीच्या बाजूने मोजलंय." त्यांना वाटलं मी परांचीच्या फळ्यांबद्दल बोलतोय. मी त्यांना हाताला धरून पन्हळीच्या टोकाला नेलं आणि तिकडून मोजायला लावलं. एक, दोन, तीन, असं करत सहावर त्या थांबल्या. वर बघितलं. मग माझ्याकडे.

"ही? शक्यच नाही. ही तर सगळ्यात चांगली आहे."

"म्हणूनच," मी म्हणालो.

त्या वर चढल्या. त्यांच्यामागे मीही चढलो, गुडघे गेले खड्ड्यात. बाईंनी बोटाच्या पेराने भिंत वाजवली. बाजूला वाजवली, मग आईच्या गालापाशी वाजवली. आवाज वेगळा आला, मलाही कळला. भिंग लावून कडेने बघत गेल्या. म्हणाल्या, "हा गिलावाच नवा आहे. इथे कोणी काही खरवडलेलं नाही. जुना गिलावा मागून पाणी लागून सुटलाय."

दहा मिनिटं लागली, बारके. दहा मिनिटांत तुझा निकाल लागला. कोणी नुसतं बोटाने वाजवून बघायचं होतं. तो निकाल तीस वर्षं भिंतीतच होता आणि मी त्याच्यावर पाणी पडू नये म्हणून राखण करत होतो.

मग त्यांनी विचारलं, "गिलावा कोणाचा?"

"माझा."

"चांगला केलाय."

मला तिथे रडू आलं. इतकं मूर्खासारखं की बाईंनी मला आधी खाली उतरवलं.

अधीक्षक आले, समितीतले दोघे आले. टेबलावर पांढरं कापड घालून डबा उघडला. अकरा तुकडे. हनुवटी, अर्धा ओठ, एक कान, दोन्ही डोळे. डोळे शेजारी ठेवले तर एक दाराकडे, एक खिडकीकडे! समितीतले म्हातारे गृहस्थ ते बघून म्हणाले, "चला, चित्रकार तोच." सगळे हसले. मी हसलो की नाही आठवत नाही.

अधीक्षक मात्र हसले नाहीत. वही घेऊन आले. "तुम्ही इथे 'पन्हळ साफ' लिहिलंय."

"खोटं लिहिलंय, साहेब."

"मग मानपत्राचं काय करायचं?"

"फाडा."

त्यांनी कागद पुढे केला, जे झालं ते लिहून द्या म्हणाले. मी मोठं मोठं लिहायला बसलो, आठ ओळी झाल्या, सगळ्या खोडल्या. शेवटी एवढंच दिलं: 'पन्हळ मी साफ केली नव्हती. चेहरा पाण्याने पडला. माझ्या बहिणीने काहीही खरवडलेलं नाही. तिने तो माझ्या सांगण्यावरून रंगवला. चेहरा आमच्या आईचा आहे.' खाली तुझं पूर्ण नाव लिहिलं. किती वर्षांनी लिहिलं ते. ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही ना म्हणून दोनदा बघितलं.

पाणक्या वाचला. आईचं ठरलेलं नाही. एक जण म्हणतो तुकडे बसवा, एक जण म्हणतो निम्म्याहून जास्त चेहरा नाहीच, काय बसवणार. भिंगवाल्या बाई म्हणाल्या, रंगवणारी जिवंत आहे, आधी तिचं म्हणणं येऊ द्या. तोपर्यंत परांची तशीच ठेवतायत. महिनाअखेरपर्यंत.

आता तूच सांग. मी सांगून मोकळा झालो असं वाटेल तुला, पण मोकळं वगैरे काही वाटत नाही. वरातीमागून घोडं आणलंय, आणि तेही लंगडं. मला माफ कर असं लिहायला बसलो होतो. मग वाटलं, तीस वर्षं घेतली आणि वर आणखी मागायचं?

दादा

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बारके,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने स्वतः वर आणून दिलं, सुटका झाल्यासारखं.

मी ते इतक्यांदा वाचलं की वहिनीने काढून घेऊन फडताळात ठेवलं. तरी पाठ झालंय. "आईच्या डाव्या भुवईवरचा व्रण काढायचा राहिला होता. रविवारी सकाळी येतेय, रंग घेऊन. चेहऱ्याचं काय करायचं ते बघून सांगेन. शिडी तू धरायची नाही."

खाली सही नाही, वर दादा नाही. माझी तक्रार नाही.

भिंगवाल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ऐतिहासिक भिंत आहे, रंगाचा एक थेंब लावू देणार नाही. मी म्हटलं, ते तुम्ही तिला सांगा, मी मध्ये पडत नाही. बाईंना तू अजून माहीत नाहीस.

व्रणाचं मात्र मी विसरलोच होतो. तीस वर्षं रोज बघतोय आणि तो नाही हे मला कधी दिसलं नाही. मागच्या दाराची कडी लागून झाला होता ना? की जिन्यात पडली होती? तू आलीस की सांग.

शिडीची सोय केलीय. सुतार रविवारी येतो म्हणालाय, दणकट आहे, भरवशाचा आहे. त्याला बजावलंय, काही झालं तरी सोडायची नाही. तिसरी पायरी जरा हलते, ती आज ठोकून घेतली. मी लांब, दाराशी बसेन. तिथून आई पाचवी.

दादा